पहिल्या चाळिसात

रविवार, १८ नोव्हेंबर २००७

ही डायरी मी फेब्रुवारीत घेतली, लंडनला उतरलो त्याच आठवड्यात, ईलिंगच्या एका चॅरिटी शॉपमधून. आता नोव्हेंबर संपत आला आणि आतली पानं कोरी आहेत. एका पानावर फक्त कोल्ह्याचं चित्र आहे. तो आमच्या कचऱ्याच्या डब्यात डोकं घालायचा म्हणून काढलं होतं, शेपूट राहिली. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण इथे तरी कशाला खोटं. वेळ भरपूर होता. एका जागी बसणं मला जमत नाही. डिप्लोमा दोनदा सोडला, मामाच्या वर्कशॉपमधून एकदा पळालो, आणि कऱ्हाडहून इथे आलो तोही असाच एक व्हिसा मिळतो म्हणून. दोन वर्षं फिरा, पोटापुरतं काम करा. माझ्यासारख्यांसाठीच काढलाय बहुतेक.

आज लिहायला बसलो कारण एक गोष्ट शेवटपर्यंत न्यायची ठरवली आहे. गाणं. माझं. "थोडा तरी बर्फ पाड रे, पावसाचं पोट भरलं." ढोलकी मी वाजवलीय, मधे इंग्रजी ओळी आहेत आणि गायलीय नीना पाटणकर. ब्रॅकनेलला अंबरीश म्हणून एक आयटीवाला आहे, त्याच्या स्पेअर बेडरूममध्ये गाद्या भिंतीला लावून रेकॉर्ड केलं. अंबरीश म्हणतो, नाताळच्या आठवड्यात सोडू.

इथे नाताळच्या गाण्याचं एक वेडच आहे. दुकानात गल्ल्यावर सीडीचा बारकोड टुंग वाजला की एक विक्री धरतात, इंटरनेटवर विकत घेतली तरी धरतात. रविवारी आठवडा सुरू, शनिवारी बंद, पुढच्या रविवारी संध्याकाळी रेडिओवर चाळिसापासून उलटे वाचत येतात. नाताळच्या आधीच्या रविवारी जे गाणं पहिलं, ते वर्षभर मिरवतं. त्यावर लोक पैजा लावतात. घोड्यांवर लावतात तशा, त्याच दुकानात. मी आत जाऊन आमच्या गाण्याचा भाव विचारला. बाई म्हणाली, "हाउ डू यू स्पेल दॅट, लव्ह?"

शनिवार, २४ नोव्हेंबर

आज पाटणकरांकडे ईलिंगला जेवायला गेलो होतो, आणि पैज लागली.

नीनाचे वडील डॉक्टर उल्हास पाटणकर. भूल देणारे डॉक्टर आहेत, तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत. माणूस खवचट. मी ताटावर बसतो न बसतो तोच म्हणाले, "मुखडा बरा आहे तुझा. अंतऱ्यात काही घडत नाही."

"काय घडायला पाहिजे?" मी म्हटलं.

"तेच तर तुला माहीत नाही." आणि आमटी वाढून घेतली.

वीणाकाकू म्हणाल्या, "अहो, जेवू द्या की त्याला."

"जेवतोय तो. कान रिकामेच आहेत."

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला लोकांना झोपवायची सवय. गाण्यानं माणूस जागा होतो."

"माझ्या एकाही पेशंटची तक्रार आलेली नाही."

"कशी येणार, बाबा," नीना म्हणाली, "ते झोपलेला असतो."

नीनाचं मराठी असंच आहे, पण गाताना एक उच्चार चुकत नाही. अठरा वर्षांची आहे. केंब्रिजला सायन्सला अर्ज केलाय, म्हणजे डॉक्टरांनी करायला लावला असणार, दुसरं काय. मला राहवलं नाही. म्हटलं, एवढा गळा आहे आणि तुम्ही तिला बेडकं कापायला पाठवणार.

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. "ठीक आहे. नाताळच्या यादीत तुझं गाणं पहिल्या चाळिसात आलं, तर नीनानं केंब्रिज एक वर्ष पुढे ढकलावं आणि तुझ्याबरोबर गावं. मी एक अक्षर बोलणार नाही. नाही आलं, तर तू तिच्यामागे लागायचं नाही."

"मान्य," मी म्हटलं.

नीना पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "ओके, फाइन." किती शांतपणे म्हणाली. आतून पेटली असणार.

सोमवार, ३ डिसेंबर

मोठ्या रस्त्यावरच्या सीडीच्या दुकानात नाताळपुरती नोकरी लागली. गल्ल्यावर. म्हणजे टुंग वाजवणारा मीच. मार्टिन म्हणून मॅनेजर आहे, सदा सर्दी झालेला. त्याला आमची सीडी दाखवली तर उलटसुलट करून म्हणाला, पहिल्या चाळिसात यायला हजारोंनी विकावं लागतं, मेट. मी म्हटलं, इथे मराठी माणसं हजारोंनीच आहेत. ग्लासगोपर्यंत मंडळं आहेत आमची. त्यानं नाक शिंकरलं, पण मागच्या रॅकवर एक खण दिला.

संध्याकाळी चंद्रशेखरकाकांना भेटलो. टेलिफोन कंपनीतून रिटायर झालेत आणि आता मंडळ चालवतात, खरं म्हणजे मंडळच त्यांना चालवतं. हातात दिवाळी अंकांची पिशवी घेऊन कुणाकुणाच्या घरी निघाले होते. त्यांना सगळं समजावलं. बर्मिंगहॅम, लेस्टर, मँचेस्टर, सगळ्या मंडळांना कळवा, आठवडा सोळा तारखेला सुरू होतो, त्याच्या आत नको, नंतर नको.

"तू निश्चिंत राहा," काका म्हणाले. "आपल्या मुलांचं गाणं आहे. घराघरांत पोचवतो."

असा माणूस पाहिजे. डॉक्टरांनी यांच्याकडून काहीतरी शिकावं.

रिहर्सलला नीना उशिरा आली. दोन कडव्यांच्या मधे छोटी छोटी कार्डं काढून वाचत होती. कसली म्हणून विचारलं तर पेशींची. मी म्हटलं, इथे तरी बापाचं भय सोड. ती हसली आणि कार्ड उलटं केलं.

सोमवार, १० डिसेंबर

आजचा दिवस लिहूच नये असा आहे, म्हणून लिहितो.

नीनाची केंब्रिजला मुलाखत होती. ती डॉक्टरांच्या गाडीतून गेली. मी सुट्टी काढून ट्रेननं निघालो, कारण केंब्रिजला एक जुनं रेकॉर्डचं दुकान आहे, त्याचा मालक वीस सीडी ठेवून घेतो म्हणाला होता. दुपारी एकच्या आत आण, नंतर मी बंद करून जाणार, असं त्यानं बजावलं होतं.

ट्रेनमध्ये समोर एक माणूस बसला होता, त्याच्या कोटाच्या खिशात मुंगसासारखा प्राणी. फेरेट म्हणतात. तो खिशातून तोंड काढायचा, वास घ्यायचा, परत आत. माणूस म्हणाला, हा ससे धरतो. मग कसे धरतो ते सांगायला लागला. बिळाच्या सगळ्या तोंडांना जाळी लावायची वगैरे. मला वाटतं कुठल्याही माणसानं ते ऐकलंच असतं. केंब्रिज गेलं. तो म्हणाला, आता एली येईल, तिथलं कॅथेड्रल बघितलंस का? म्हणून बघितलं. शेतांच्या मधोमध जहाज उभं केल्यासारखं आहे. आत एक मुलगा ऑर्गनची प्रॅक्टिस करत होता, एकच तुकडा परत परत, चुकला की पहिल्यापासून.

केंब्रिजला परत पोचलो तेव्हा दुकानाला कुलूप. दाराच्या फटीतून वीस सीडी आत टाकाव्यात असं वाटलं, पण फट बारीक.

डॉक्टरांची गाडी नदीजवळ उभी होती. नीना समोरून आली. गाल लाल, डोळे चमकत होते, मफलर सुटलेला. बिचारी थंडीनं गारठली होती.

"कशी झाली?" मी विचारलं.

"ओ माय गॉड, गिरीश, त्यांनी मला विचारलं की, पान हिरवा का असतो, आणि मग आम्ही अर्धा तास भांडलो. प्रॉपर भांडलो. खूप मजा आली."

भांडली म्हणजे गेलं काम. डॉक्टरांना मी हळूच म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "सीडी दिल्यास का दुकानात?"

परत येताना त्यांच्याच गाडीत बसलो. चावी फिरवल्याबरोबर आमचं गाणं सुरू झालं, मधूनच, दुसऱ्या अंतऱ्यापासून. त्यांनी घाईनं बंद केलं. म्हणे, सीडी बाहेर काढायला विसरलो. ऐकून ऐकून नावं ठेवायची, एवढाच उद्योग.

रविवार, १६ डिसेंबर

आजपासून आठवडा सुरू.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत काल एक पोरगा जिंकला. पांढरा सूट, रडला, आईला मिठी मारली. आज सकाळी दुकानाच्या दाराएवढा त्याचा फोटो लागला होता. मार्टिन म्हणतो, दरवर्षी यांचाच जिंकलेला पोरगा पहिला येतो, आता लोक त्याला कंटाळलेत पण घेतात. मी दिवसभर त्याच्याच सीडीचे बारकोड वाजवले. हाताला सवय लागते, कान मात्र विटतो. आमच्या खणातल्या तीन गेल्या. एक मी घेतली.

पण फोन मात्र चालू आहेत. पिनरच्या एक काकू म्हणाल्या, "आली हो सीडी आमच्याकडे. काय गोड गायलीय." रेडिंगचे एकजण म्हणाले, "काल आली, रात्री चारदा ऐकली." लेस्टरहून, मिल्टन कीन्सहून. मी डायरीच्या मागच्या पानावर रेघा मारायला लागलो. अशाच आल्या तर पहिले चाळीस काय, तो पांढरा सूटसुद्धा घाबरेल.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं. "हं," म्हणाले. मग म्हणाले, "दुसऱ्या अंतऱ्यात 'खिडकी' शब्दावर सरळ खाली येतोस तू. तिथे थोडं थांबून बघ. खिडकीशी माणूस थांबतो."

पैज हरायला लागली की माणूस व्याकरण काढतो.

मंगळवार, १८ डिसेंबर

साउथॉलच्या रेडिओवर मुलाखत होती. नीना येणार होती, आली नाही. केमिस्ट्रीचं काहीतरी द्यायचं होतं म्हणे. अशी मुलाखत पुन्हा कधी मिळणार होती? ती बापाला इतकी घाबरते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गंमत म्हणजे मला सोडायला डॉक्टरच आले. वीणाकाकूंनी पाठवलं असणार. रस्ताभर ट्रॅफिक. मधेच विचारलं, "ढोलकीला शाई कुठली?"

"मिरजेहून भरून आणलीय."

"वाटलंच. डाव्या बाजूचा आवाज छान घुमतो."

स्तुती केली की पुढे काहीतरी असतंच. पण काही आलं नाही.

मुलाखतीत मी एकटा. बाई चांगली होती, कऱ्हाड कुठे आहे विचारलं. मी कृष्णा आणि कोयना समोरासमोर कशा येऊन भेटतात ते सांगितलं, मग प्रीतिसंगमावरची भेळ, मग इथल्या कोल्ह्याची गोष्ट निघाली, बाई खूप हसली. "थँक यू, गिरीश" म्हणाली आणि बातम्या लागल्या. जिन्यावर आल्यावर लक्षात आलं की गाण्याचं नावच सांगितलं नाही.

डॉक्टर खाली गाडीत ऐकत बसले होते. मी बसलो. त्यांनी गाडी सुरू केली. खवचट काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवार, २० डिसेंबर



आज मार्गशीर्षातला गुरुवार, वीणाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. प्रसादाला मलाही बोलावलं होतं. हॉलमध्ये बायका, मधोमध कलश, म्युझिक सिस्टिमवर आमचं गाणं. बरं वाटलं. सिस्टिमजवळ सीडीचं कव्हर पडलं होतं, त्याला रबरबँडनं एक कागद लावलेला. कागदावर नावं. नावांसमोर बरोबरच्या खुणा. सगळ्यात वर चंद्रशेखरकाकांच्या अक्षरात: "दोन दिवसांत ऐकून पुढील घरी द्यावी. ओरखडे पडू देऊ नयेत."

मी काकांना कोपऱ्यात घेतलं. "काका, हे काय आहे?"

"योजना," काका म्हणाले. चेहरा फुललेला. "दिवाळी अंकांची असते ना आपली? एक अंक घ्यायचा, तीस घरं वाचतात. तशीच लावली. सहा सीड्या घेतल्या मी, सहा मार्ग केले. एक तर नॉर्थला पण गेलीय. एक घर सुटलेलं नाही, गिरीश."

"सहा?"

"सहांत सगळं भागलं."

"काका, विकत घ्यायच्या होत्या. प्रत्येकानं."

"ऐकायला एक पुरते की रे."

"ऐकण्यासाठी नाही. मोजतात. दुकानात मोजतात."

मागे बायका मुखडा म्हणत होत्या, कुणीतरी ताटलीवर चमच्यानं ठेका धरला होता. "म्हणजे ऐकलेलं मोजत नाहीत?" काकांनी विचारलं. मग खुर्चीत बसले. "मला वाटलं, पोचवायचं आहे."

मला ओरडायचं होतं. पण ते इतके उतरले की मीच त्यांना पाणी आणून दिलं. पाणी देताना पण राग येतच होता. कुठल्या जगातली माणसं ही? या देशात राहून तीस वर्षं झाली आणि अजून एक वस्तू तीस घरांत फिरवतात आणि वर ओरखडे पडू देऊ नयेत. माझ्या मागच्या पानावरच्या त्या सगळ्या रेघा म्हणजे सहा सीड्या.

नीना स्वयंपाकघरात होती. तिला सांगितलं तर ती हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सॉरी, सॉरी. पण इट्स सो स्वीट." पैज तिची आहे आणि तिला स्वीट वाटतंय.

शनिवार, २२ डिसेंबर

आठवड्याचा शेवटचा दिवस. काकांनी काल सगळीकडे ईमेल केले, फोन केले, आवाज बसेपर्यंत. इंटरनेटवरून घ्या म्हटलं तर अर्ध्यांचं उत्तर, आम्ही तिथे कार्डाचा नंबर देत नाही. बाकीच्यांचं, आमची ऐकून झाली, छान आहे, शुभेच्छा.

दुकानात आज पाय ठेवायला जागा नव्हती. काका स्वतः चौघांना घेऊन आले, पार हॅरोवरून. मी त्यांना मागच्या रॅककडे नेलं तर आमच्या खणात पांढऱ्या सूटच्या सीड्या. मार्टिननं सकाळी जागा केली होती. आमच्या कुठे? खोक्यात. खोकं कुठे? व्हॅनमधून परत गेलं.

"मेट," मार्टिन म्हणाला, "आठवड्यात चार विकल्या."

त्यातली एक माझी हे त्याला माहीत नाही.

काका आणि ते चौघे बराच वेळ तिथेच उभे होते. एवढं आले आणि हात हलवत कसं परत जायचं, म्हणून त्यातल्या एकानं पांढऱ्या सूटची घेतली. नातीसाठी. टुंग मीच वाजवलं.

रविवार, २३ डिसेंबर

दत्तजयंती. मंडळाचा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये, दरवर्षी तिथेच असतो. नेमकी तीच वेळ, रेडिओवर यादीची. मी मागच्या रांगेत, एका कानात इअरफोन. एका कानात आरती, दुसऱ्यात चाळीस, एकोणचाळीस, अडतीस. काही चमत्कार होतो का बघायचं होतं. इंटरनेटवर कुणीतरी घेतली असेल, अमेरिकेतून वगैरे. तिथलं धरत नाहीत हे माहीत होतं. तीसच्या पुढे गेल्यावर मी मोजणं सोडलं, पण कान काढला नाही. पहिला आला पांढरा सूट.

मी इअरफोन काढला तर हॉलमध्ये आमचंच गाणं चालू होतं. सीडी नव्हे. माणसं म्हणत होती. काकांनी सांगितलं असणार, नाहीतर प्रसादाच्या रांगेत कुणी आपोआप सुरू केलं असेल. शे-सव्वाशे माणसं, सगळ्यांना पाठ. इंग्रजी ओळीसुद्धा. म्हाताऱ्या बायका, लहान पोरं, गॅसजवळचे भांडी उचलणारे. मला इतका संताप आला. एवढं पाठ आहे आणि विकत घेतली नाही एकानं.

त्यात डॉक्टर. दुसऱ्या अंतऱ्याला लोक अडखळले, तो जरा अवघड आहे, आणि हे भिंतीला टेकून उभे होते तिथूनच गायला लागले. डोळे मिटून. 'खिडकी'वर थांबले. चांगले थांबले, दोन आवर्तनं, आणि मग माझी चाल सोडून भलतीकडूनच खाली आले. वीणाकाकूंच्या हातात पळी तशीच. संपल्यावर टाळ्या, परत म्हणा, परत म्हणा. माझ्या अंतऱ्याची पार वाट लावली, वर टाळ्या घेतल्या. यादीत हरवलंच होतं, हॉलमध्येही हरवून दाखवायचं होतं त्यांना.

बाहेर पार्किंगमध्ये नीना आली, कोट न घालताच.

"आलं नाही ना?"

"नाही. पण मी डॉक्टरांशी परत बोलतो. काकांमुळे घोटाळा झाला, ही काही खरी हार नाही."

"गिरीश, ऐक. मला जायचा आहे. केंब्रिजला."

"तुला घाबरवलंय त्यांनी."

"कोणी? बाबा?" ती थंडीनं हात चोळत होती. "बाबानं तर मला म्हटलं, एक वर्ष थांब, गा, काय घाई आहे. मीच नाही म्हटली. ती पैज माझी नव्हती ना. तुम्ही दोघं टेबलवर खेळत होता, मी जेवत होते."

"मग गायलीस कशाला?"

"मला आवडतं. मला पोहायला पण आवडतं." मग तिनं माझ्या बाहीला धरलं. "तू रागावलास. सॉरी. मी आधी सांगायला पाहिजे होती. पण तू इतका खूश होतास, पहिल्यांदाच कुठेतरी टिकला होतास."

मी बाही सोडवून घेतली. चालत हॅनवेलला, माझ्या खोलीवर आलो. बाप काहीही पढवतो आणि पोरी ते स्वतःचं म्हणून बोलतात. वर्ष थांब म्हणाले म्हणे. हा माणूस असं कशाला म्हणेल?

सोमवार, २४ डिसेंबर

दुकानातला शेवटचा दिवस. मार्टिननं चॉकलेटचा डबा दिला आणि जानेवारीत कळवतो म्हणाला, म्हणजे कळवणार नाही. घरातले बाकीचे भाडेकरू आपापल्या गावी गेले. अंबरीशचा फोन आला, उरलेल्या सीड्यांचं काय करू. म्हटलं, गादीखाली घाल.

सॅक भरली. उद्या सकाळी स्कॉटलंड. तिथे एका हॉस्टेलला माणूस लागतोय असं कुणीतरी म्हणालं होतं. ढोलकी खोलीत वाजवून बघितली, शेजारच्यांनी भिंत ठोकली नाही, कारण शेजारी कुणीच नाही. आता गायला कुणी नाही तर एकट्या ढोलकीचं काय करायचं. सोबत न्यावी की ठेवून जावी ते उद्या बघू.

मंगळवार, २५ डिसेंबर

आता बोला. नाताळच्या दिवशी या देशात ट्रेन नसते. बस नाही, ट्यूब नाही, काही नाही. एक माणूस सांगेल तर शपथ. सॅक आणि ढोलकी पाठीवर टाकून हॅनवेल स्टेशनला गेलो तर दाराला साखळी. मोठ्या रस्त्यावर मधोमध चाललो तरी हॉर्न वाजवायला गाडी नाही. एक बाई कुत्रा फिरवत होती, "मेरी ख्रिसमस" म्हणाली, मी म्हटलं स्टेशन कधी उघडणार, ती म्हणाली, उद्या, बॉक्सिंग डेला तरी उघडेल का शंका आहे. बर्फ नाहीच. बारीक पाऊस. परत येऊन चॉकलेटं खाल्ली, अर्धा डबा.

निघताही येत नाही अशी ही पहिलीच वेळ. दुपार आहे. खिडकीशी बसून लिहितोय. समोरच्या घरात कागदी टोप्या घालून जेवण चाललंय.

एक माणूस फुटपाथवरून आमच्या घरापुढे गेला, आता उलटा परत गेला. छत्री आहे. कुणाचं तरी घर शोधतोय बहुतेक.

परत आला. आमच्या फाटकाशी थांबलाय, छत्री मिटतोय.

डॉक्टर पाटणकर. गाडी नाही, वीणाकाकू नाहीत, नीना नाही. बूट चिखलानं भरलेत, म्हणजे ईलिंगपासून चालत आलेत. नाताळच्या दिवशी. पैज जिंकलेला माणूस हरलेल्याच्या घरी एवढं चालत कशाला येईल? नीनाला काही झालं असेल असं आधी वाटलं, पण चेहरा तसा नाही. मुलाखतीच्या आधी पोरं उभी राहतात तसे उभे आहेत.

बेल वाजली. मी उठलो नाही. आता दाराच्या फटीतून हाक मारतायत, खाली वाकून. हॉलमध्ये आवाज घुमतोय, इथपर्यंत ऐकू येतंय.

"गिरीश, आहेस का रे? नीनाच्या पट्टीत गायला मला जमणार नाही. ढोलकी खालच्या सुरात उतरवावी लागेल."

उघडायला जातो.